हळदीच्या कॅप्सूल, ग्रीन टी, ब्रोकोली आणि कॅन्सरचे जीन्स: यात खरं किती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की आईचं ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन झालंय, किमो आणि रेडिएशन पण उरकलंय, आता कॅन्सर परत येऊ नये म्हणून टॅमॉक्सिफेनची गोळी चालू आहे. मामांनी हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल (मिरीचा अर्क घातलेल्या), ग्रीन टी एक्स्ट्रॅक्टच्या गोळ्या आणि रोज ब्रोकोली असा बेत आखून दिलाय, कारण म्हणे "या गोष्टी कॅन्सरचे जीन्स स्विच ऑफ करतात, रिसर्च आहे". हे खरं का, द्यायचं का, आणि शेवटी विचारलंय की सोयाबीन बंद करायचं का.

मी बरीच वर्षं कॅन्सर पेशंट्सचा आहार बघते, त्याआधी बायोकेमिस्ट्रीच्या लॅबमध्ये होते, त्यामुळे हा प्रश्न दोन्ही बाजूंनी माझ्या ओळखीचा आहे. आधी उत्तर देते, मग कारणं. कॅप्सूल आणि एक्स्ट्रॅक्टच्या गोळ्या आजपासून बंद करा, आणि आतापर्यंत जे जे घेतलंय ते बाटल्यांसकट ऑन्कॉलॉजिस्टना दाखवा. आमटीत, भाजीत पडते ती हळद चालू दे. चहाऐवजी एखाददुसरा कप ग्रीन टी आवडत असेल तर पिऊ दे. ब्रोकोली आवडत असेल तर खाऊ दे, नसेल आवडत तर त्या महागड्या गड्ड्यामागे धावू नका.

आता गंमत अशी आहे की मामा साफ खोटं बोलत नाहीयेत. साफ खोटं असतं तर एका ओळीत उडवून लावलं असतं.

शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत तोच डीएनए असतो, प्रोटीन बनवणारे साधारण २०,००० जीन्स, मग लिव्हरची पेशी लिव्हरसारखी आणि त्वचेची त्वचेसारखी का वागते, तर कुठे कुठले जीन्स चालू आणि कुठले बंद यावरून. हे चालू-बंद ठरवायचे काही रासायनिक मार्ग आहेत. डीएनएवर मिथाइल नावाचा छोटासा गट चिकटला की तो जीन बहुतेक वेळा गप्प बसतो. डीएनए ज्या हिस्टोन प्रोटीनभोवती गुंडाळलेला असतो त्यांच्यावर असिटाइल गट लागला की गुंडाळी सैल होते आणि जीन वाचता येतो, तो गट काढून टाकणाऱ्या एन्झाइमना एचडॅक म्हणतात, लावणाऱ्यांना हॅट. शिवाय मायक्रोआरएनए वगैरे आहेतच, त्यात आज शिरत नाही. तर कॅन्सरमध्ये काही जीन्स खरंच मोडलेले असतात, त्याला म्युटेशन म्हणतात, पण काही जीन्स शाबूत असून गप्प केलेले असतात, आणि नेमके पेशीच्या वाढीला आवर घालणारे किंवा डीएनएची दुरुस्ती करणारे. पी-१६, एमएलएच-१, काही ब्रेस्ट कॅन्सरमध्ये बीआरसीए-१, प्रोस्टेटच्या बहुसंख्य कॅन्सरमध्ये जीएसटीपी-१, अशी मोठी यादी आहे. म्हणजे भांडं फुटलेलं नाहीये, कुणीतरी कागदात गुंडाळून माळ्यावर टाकलंय. त्यामुळे "कॅन्सरचे जीन्स ऑफ करणं" यापेक्षा "गप्प केलेले चांगले जीन्स परत ऑन करणं" ही खरी आशा आहे.

आणि या आशेवर औषधं निघालीत सुद्धा. ॲझासिटिडीनला अमेरिकेत २००४ मध्ये परवानगी मिळाली, डेसिटाबीनला २००६ मध्ये, ही मिथाइल गट लावणाऱ्या एन्झाइमना अडवतात, बोन मॅरोच्या आजारात आणि काही ल्युकेमियात वापरतात. एचडॅकला अडवणारं व्होरिनोस्टॅट पण २००६ चंच, त्वचेत येणाऱ्या एका लिम्फोमासाठी (हा पण रक्ताच्या कॅन्सरच्याच गोतावळ्यातला). हे लक्षात ठेवा की मुद्दाम या कामासाठी बनवलेली, रक्तात पुरेशी पोचणारी औषधं सुद्धा मुख्यतः रक्ताच्या कॅन्सरमध्ये चालली, ब्रेस्टसारख्या गाठीच्या कॅन्सरमध्ये एकेकटी दिल्यावर फार काही हाती लागलं नाही. आणि ती नको असलेला जीन सोडून हवा तो उघडतात असंही नाही, जे सापडेल ते उघडतात.

आता वनस्पतींकडे येऊ. २००३ मध्ये न्यू जर्सीच्या रटगर्स युनिव्हर्सिटीतल्या टीमने दाखवलं की ग्रीन टीमधलं ईजीसीजी हे द्रव्य अन्ननलिकेच्या कॅन्सरच्या पेशींवर टाकलं की मिथाइल लावणारं एन्झाइम अडतं आणि पी-१६ सारखे गप्प झालेले जीन्स पुन्हा बोलायला लागतात. खूप गाजलेला पेपर आहे. पण तिथे पेशींना मिळालेलं प्रमाण होतं ५ ते ५० मायक्रोमोलर (द्रव्य किती दाट आहे ते मोजायचं एकक), आणि आपण दोन-तीन कप ग्रीन टी प्यायलो की रक्तात ते साधारण एक मायक्रोमोलरच्याही खालीच राहतं, काही तासांत तेही उतरतं. माणसांवरच्या ट्रायलचं पण तसंच झालं. २००६ मध्ये इटलीत प्रोस्टेटमध्ये कॅन्सरपूर्व बदल असलेल्या ६० पुरुषांना वर्षभर ग्रीन टी कॅटेचिन (ईजीसीजी ज्यात येतं तो द्रव्यांचा गट) किंवा प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी, दिली, गोळीवाल्या ३० पैकी एकाला कॅन्सर निघाला, प्लासिबोवाल्या ३० पैकी नऊ जणांना, सगळीकडे बोलबाला. मग अमेरिकेत जास्त माणसं घेऊन ट्रायल झाली, २०१५ मध्ये निकाल आला, कॅन्सर होण्यात म्हणावा असा फरक नाही. मामांच्या मेसेजमध्ये पहिली ट्रायल असणार, दुसरी नसणार, पैज लावा.

कोकणातल्या वाचकांसाठी एक खास गोष्ट सांगते. २००३-०४ मध्ये बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू सेंटर फॉर ॲडव्हान्स्ड सायंटिफिक रिसर्चमधल्या तपस कुंडू यांच्या लॅबमधून लागोपाठ तीन पेपर आले, तिन्ही हॅट एन्झाइमना अडवणाऱ्या द्रव्यांवर. एक करक्युमिन, हळदीतलं. दुसरं गार्सिनॉल, जे आपल्या रातांब्याच्या सालीत, म्हणजे कोकमात असतं. आणि तिसरं ॲनाकार्डिक ॲसिड, काजूच्या टरफलातल्या तेलातलं. हे तिसरं मला फार आवडतं, कारण ज्याने कधी काजूची बी फोडलीय त्याला माहितीये ते तेल काय चीज आहे, बोटांची सालटी निघतात, बायका हाताला राख नाहीतर तेल फासून बसतात. आता लॅबच्या हिशोबाने बघायला गेलं तर काजूच्या टरफलाचं तेल हळदीच्या पंगतीला बसतं, जीन्सचं नियमन बदलणारं नैसर्गिक द्रव्य! पण ते कुणी कॅप्सूलमध्ये भरून आईला देणार नाही. बशीतल्या पेशींवर परिणाम दिसला यावरून फक्त एवढंच कळतं की हे द्रव्य त्या एन्झाइमला जाऊन भिडू शकतं, पोटातून जाऊन, लिव्हरमधून वाचून, गाठीपर्यंत पुरेसं पोचेल का आणि वाटेत दुसरं काय बिघडवेल हे त्यातून कळत नाही.

आणि अजून एक भानगड. ब्रोकोलीतलं सल्फोराफेन एचडॅकला अडवतं, म्हणजे असिटाइल गट टिकवतं. करक्युमिन हॅटला अडवतं, म्हणजे असिटाइल गट लागूच देत नाही. दोन्ही एकदम दिलं तर बेरीज काय होते हो? कुणालाच सांगता येणार नाही. परत करक्युमिन एचडॅकला पण अडवतं, मिथाइलवाल्याला पण अडवतं असेही पेपर आहेत, जिथे बघावं तिथे करक्युमिन हजर. औषध शोधणाऱ्या केमिस्ट लोकांना अशा सगळीकडे "चालणाऱ्या" द्रव्याचा संशय येतो, कारण करक्युमिन अस्थिर आहे, पटकन तुटतं, स्वतः चमकतं, त्यामुळे चाचणीलाच फसवतं. २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्राच्या एका मोठ्या जर्नलमध्ये याचा सविस्तर आढावा आला, त्यात सरळ लिहिलं की १२० हून जास्त क्लिनिकल ट्रायल होऊन सुद्धा प्लासिबोशी नीट तुलना करून यशस्वी ठरलेली एकही नाही.

प्रमाणाचा हिशोब घरच्या घरी करून बघा. हळदीत करक्युमिन साधारण तीन टक्के. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन हॉस्पिटलमध्ये स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या पेशंटना रोज ८ ग्रॅम करक्युमिन दिलं होतं, २००८ चा पेपर आहे. ८ ग्रॅम करक्युमिन म्हणजे रोज पाव किलोच्या वर हळद! आणि एवढं देऊन रक्तात सापडलं मिलिलिटरला वीस-चाळीस नॅनोग्रॅम, लॅबमध्ये पेशींवर ओततात त्याच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास. एक-दोन पेशंटमध्ये काहीतरी हालचाल दिसली, ती पण टिकली नाही.

इथे मिरी येते, आणि तुमच्या आईच्या बाबतीत खरा धोका इथेच आहे म्हणून जरा थांबते. बाटलीवर "२००० टक्के जास्त शोषण" लिहिलेलं असेल. तो आकडा १९९८ च्या बंगळुरूमधल्याच दुसऱ्या एका अभ्यासातला आहे, २ ग्रॅम करक्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पिपरीन, म्हणजे मिरीतलं तिखट द्रव्य, दिलं होतं. पण पिपरीन हे करतं कसं? आतड्यात आणि लिव्हरमध्ये बाहेरची द्रव्यं निकामी करून बाहेर टाकणारी जी यंत्रणा आहे तिच्याच कामात ते अडथळा आणतं. आणि टॅमॉक्सिफेन काय आहे, तर ती गोळी जशीच्या तशी फारशी कामाची नाही, लिव्हरमधल्या याच यंत्रणेतली एन्झाइम तिचं एन्डॉक्सिफेन बनवतात आणि ते खरं औषध. नेदरलँड्समध्ये २०१९ मध्ये टॅमॉक्सिफेनवर असलेल्या १६ पेशंटना करक्युमिन दिलं, मग करक्युमिन अधिक पिपरीन दिलं, आणि रक्त तपासलं, तर दोन्ही एकत्र देताना एन्डॉक्सिफेन सरासरी १२ टक्क्यांच्या आसपास खाली आलं. पेशंट थोडे होते, मान्य, आणि १२ टक्के सगळ्यांना बाधेलच असंही नाही, पण काही बायकांमध्ये ते मुळातच काठावर असतं. ज्या एका गोळीने कॅन्सर परत यायची शक्यता खरोखर कमी होते हे हजारो बायकांमध्ये सिद्ध झालंय, तीच कमजोर करायची, कशासाठी, तर जे सिद्धच झालं नाही त्यासाठी? माझ्या पचनी पडत नाही.

लिव्हरचं वेगळंच. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या लिव्हरच्या इजांची नोंद ठेवणारं नेटवर्क आहे, त्यांनी २०२२ मध्ये हळदीच्या सप्लिमेंटच्या केसेस छापल्या, बऱ्याच जणांत एका ठरावीक प्रकारचा एचएलए जीन (प्रतिकारशक्तीशी संबंधित) सापडला, आणि बऱ्याच कॅप्सूलमध्ये मिरी होतीच. ग्रीन टी एक्स्ट्रॅक्टबद्दल युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने २०१८ मध्येच सांगितलंय की गोळीतून रोज ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी गेलं तर लिव्हरची एन्झाइम वाढू शकतात. कपातल्या चहाबद्दल हे नाहीये. तुम्ही लिहिलंय की "हर्बल आहे, साइड इफेक्ट नाही असं लिहिलंय", तर लॉकडाऊनच्या काळात गुळवेलीनंतर लिव्हर बिघडलेल्या सहा पेशंटची नोंद मुंबईतल्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये छापली होती. त्यावर वाद झाले, होत राहतील, पण हर्बल म्हणजे निरुपद्रवी हे डोक्यातून काढा. आणि कुणाच्या घरी मायलोमासाठी (हा बोन मॅरोतल्या पेशींचा कॅन्सर) बोर्टेझोमिब हे औषध चालू असेल तर ग्रीन टीच्या गोळ्या अजिबात नकोत, २००९ मध्ये उंदरांवर दिसलं होतं की ईजीसीजी त्या औषधालाच जाऊन चिकटतं आणि त्याला निकामी करतं.

म्हणजे खाण्याचा जीन्सवर काहीच परिणाम नाही का? आहे ना. फक्त तो कुठे होतो ते बघायला हवं. माझा सगळ्यात जास्त विश्वास बसतो तो मोठ्या आतड्यावर, कारण तिथे प्रमाणाचा प्रश्नच सुटतो. आपण न पचणारे तंतू खातो, आतड्यातले बॅक्टेरिया ते आंबवतात आणि ब्युटिरेट बनवतात, आणि ब्युटिरेट हे एचडॅकला अडवणारं द्रव्य आहे, शिवाय आतड्याच्या अस्तराच्या पेशींचं ते रोजचं अन्न. आणि तिथे त्याचं प्रमाण असतं मिलिमोलरमध्ये, म्हणजे ग्रीन टीच्या रक्तातल्या आकड्याच्या हजारो पट. २०१५ मध्ये एक झकास प्रयोग छापून आला, अमेरिकेतले २० कृष्णवर्णीय आणि दक्षिण आफ्रिकेतल्या खेड्यातले २० लोक, दोन आठवडे जेवणाची अदलाबदल. अमेरिकनांना रोज ५५ ग्रॅमच्या आसपास फायबर, आफ्रिकनांना बर्गर-सॉसेज. दोनच आठवड्यांत अमेरिकनांच्या आतड्यातलं ब्युटिरेट वाढलं आणि अस्तराच्या पेशींची धावपळ, जी कॅन्सरच्या धोक्याशी जोडलेली असते, ती कमी झाली, आफ्रिकनांमध्ये बरोबर उलटं.

मग याने कॅन्सर टळतो का? इथे माझ्या लाडक्या थिअरीची पण पंचाईत होते. लिंच सिंड्रोम म्हणून एक आनुवंशिक प्रकार आहे, एमएलएच-१ सारखा दुरुस्तीचा जीन जन्मापासून बिघडलेला, आतड्याच्या कॅन्सरचा धोका प्रचंड. अशा नऊशेच्या वर लोकांना सरासरी दोन वर्षं रोज ३० ग्रॅम न पचणारा स्टार्च किंवा प्लासिबो दिला आणि दहा-वीस वर्षं लक्ष ठेवलं. २०२२ मध्ये निकाल आला. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये काही फरक नाही, पण बाकीचे कॅन्सर, विशेषतः जठर, पित्तनलिका, स्वादुपिंड या वरच्या भागातले, निम्म्याच्या आसपास! म्हणजे जिथे अपेक्षा होती तिथे शून्य, नव्हती तिथे फायदा. तरी पण ही प्लासिबोशी तुलना केलेली, वर्षानुवर्षं पाहिलेली ट्रायल आहे, हळदीच्या सगळ्या पेपरांपेक्षा मी हिला वजन देईन. हा स्टार्च थोड्या हिरवट केळ्यात, डाळी-उसळींत, शिजवून गार केलेल्या भातात-बटाट्यात असतो. फक्त किमो चालू असताना पांढऱ्या पेशी कमी असतील तर शिळ्या भाताच्या भानगडीत पडू नका, बाहेर राहिलेल्या भातात बॅक्टेरिया भराभर वाढतात. तुमच्या आईचं किमो संपलंय, त्यांना ज्वारी-नाचणीची भाकरी, मटकी-मूग-हरभऱ्याची उसळ, पालेभाजी, सगळं चालतं, एकदम पोट भरभरून नको, गॅसेस होतात, हळूहळू वाढवा.

ब्रोकोलीबद्दल. २००७ मध्ये ओरेगॉन स्टेट युनिव्हर्सिटीने तीन माणसांना ६८ ग्रॅम ब्रोकोलीचे कोंब खाऊ घातले, तीन आणि सहा तासांनी रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये एचडॅकचं काम कमी झालेलं दिसलं, नंतर परत जागेवर. खाल्लेल्या अन्नाने माणसाच्या पेशीत हे घडतं याचा हा सरळ पुरावा म्हणून मला तो महत्त्वाचा वाटतो, पण तिथून "ब्रेस्ट कॅन्सर परत येत नाही" इथपर्यंत उडी मारता येत नाही. शिवाय हे कोंब होते, मोठ्या गड्ड्यापेक्षा त्यात मूळ द्रव्य कितीतरी जास्त असतं. सल्फोराफेन आयतं नसतं, भाजी चिरली की मायरोसिनेज नावाचं एन्झाइम मूळ द्रव्यापासून ते बनवतं, आणि आपण ब्रोकोली उकळत्या पाण्यात गिच्च शिजवली की ते एन्झाइमच मरतं. चिरून अर्धा-पाऊण तास ठेवा आणि मग थोडी वाफवा. नाहीतर शिजलेल्या भाजीवर कच्च्या मोहरीची पूड भुरभुरवा, मोहरीत तेच एन्झाइम भरपूर असतं. कोशिंबिरीत फेसलेली मोहरी घालतो ना आपण, नाकात झणझणतं, ते हेच एन्झाइम काम करत असतं, फोडणीत तडतडलेल्या मोहरीत ते उरत नाही. कोबी, मुळा, फ्लॉवर ही सगळी त्याच कुळातली.

फोलेटचा मुद्दा मामांच्या यादीत नाही पण माझ्याकडून घालते, कारण मिथाइल गट शरीराला पुरवण्यात त्याचा मोठा वाटा आहे आणि त्याच्या शोधाचं मूळ मुंबईत आहे. १९२८ च्या सुमारास ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली, गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांचा ॲनिमिया अभ्यासायला, आणि तिने यीस्टच्या अर्काने तो बरा करून दाखवला, त्यात होतं ते फोलेट. पालेभाजीतून मिळणारं हे जीवनसत्त्व, चांगलंच असणार ना? तर १९४० च्या दशकात बॉस्टनमध्ये सिडनी फार्बर यांना दिसलं की ल्युकेमियाच्या मुलांना फोलिक ॲसिड दिलं की आजार भडकतो, आणि त्यावरूनच फोलेटला अडवणारी औषधं आली, मेथोट्रेक्सेट त्यातलंच. म्हणून कॅपेसिटाबीन (किमोची गोळी) किंवा मेथोट्रेक्सेट चालू असलेल्यांनी फोलिक ॲसिडची किंवा मल्टिव्हिटॅमिनची गोळी डॉक्टरांना न विचारता घेऊ नये, कॅपेसिटाबीनचा त्रास त्याने वाढतो. मेथी-पालक खाल्ल्याने असं होत नाही, घाबरू नका.

आणि जीन्सचं नियमन खरंच बदलणारं काही घरात असेल तर ते म्हणजे तंबाखू. धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तात एएचआरआर नावाच्या जीनवरचे मिथाइल गट इतके ठरावीक पद्धतीने कमी होतात की नुसतं रक्त बघून माणूस सिगारेट ओढतो का ते ओळखता येतं, सोडल्यावर काही वर्षांनी ते बरंचसं परत भरून येतं. घरात कुणी ओढत असेल किंवा मिश्री लावत असेल तर ब्रोकोलीचे पैसे आणि जोर तिकडे लावा.

राहिलं सोयाबीन. त्यातलं जेनिस्टीन हे इस्ट्रोजेनसारखं दिसतं म्हणून ब्रेस्ट कॅन्सरमध्ये बंद करा असं सांगायची पद्धत होती, भीती मुख्यतः उंदरांवरच्या प्रयोगांवरून आली. शांघायमध्ये ५,००० हून जास्त ब्रेस्ट कॅन्सर झालेल्या बायकांवर लक्ष ठेवलं होतं, २००९ मध्ये छापलं, सोया खाणाऱ्यांमध्ये मृत्यू आणि कॅन्सर परत येणं दोन्ही कमी दिसलं, टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या असोत की नसोत. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, सोयानेच झालं असं म्हणता येणार नाही, पण नुकसान दिसलं नाही हे नक्की. तेव्हा आईला आवडत असेल तर सोया चंक्सची भाजी, टोफू, पिठात मूठभर सोयाबीन दळून घातलेलं, सगळं द्या, प्रोटीनची तशीही त्यांना गरज आहे. आयसोफ्लेवोनच्या, म्हणजे जेनिस्टीनसारख्या द्रव्यांच्या अर्काच्या, गोळ्या मात्र नकोत, मामांनी त्या पण आणल्या असतील तर त्याच पिशवीत भरा आणि पुढच्या व्हिजिटला घेऊन जा.